वॅगनआरचं बत्तीस हजारांचं एस्टिमेट: कुठे रास्त, कुठे फुगवलेलं

प्रश्न थोडक्यात असा. २०१२ ची वॅगनआर, पेट्रोल, ९६,००० किलोमीटर, वापर बहुतेक पुण्यातल्या पुण्यात. दोन वर्षं सर्व्हिसिंग झालेलं नाही. कूलंट आणि गिअर ऑइल कधी बदलल्याचं आठवत नाही. गॅरेजवाल्याने दिलेली यादी: इंजिन ऑइल व फिल्टर ३,२००, एअर फिल्टर ४५०, तीन स्पार्क प्लग ९००, कूलंट १,४००, ब्रेक ऑइल ६००, गिअर ऑइल १,३००, इंजिन फ्लश ९००, इंजेक्टर क्लीनिंग १,८००, पुढचे ब्रेक पॅड २,२००, मागचे ब्रेक शू १,९००, दोन्ही लोअर आर्म ५,२००, टायमिंग बेल्ट ३,८००, मजुरी ३,५००. बेरीज २७,१५०, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ३२,०३७. शेजारी म्हणतात वॅगनआरची सर्व्हिसिंग चार हजारांत होते. मग हा माणूस लुबाडतोय का?

शेजारी खोटं बोलत नाहीत. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर हवा मारून साफ, ब्रेक साफ करून ॲडजस्ट, पाणी मारून धुणं, एवढं साध्या गॅरेजमध्ये चार हजारांच्या आत-बाहेर बसतं. पण तुमच्या यादीत सर्व्हिसिंगबरोबर दुरुस्तीही आहे, आणि दोन्हीची बेरीज करून एकच आकडा तुमच्या हातात दिलाय. त्या आकड्यावर घासाघीस करून काही हाती लागत नाही. गॅरेजवाला तीन हजार कमी करेल, तुम्ही खूश व्हाल आणि नको असलेली पाच हजारांची कामं तशीच होऊन जातील. मी स्वतः गॅरेज चालवतो, आणि माझ्या पाहण्यात जुन्या गाडीवाल्याचे पैसे चढ्या दरापायी कमी जातात, गरज नसलेल्या कामापायी जास्त. म्हणून प्रत्येक ओळीला आधी एकच प्रश्न विचारायचा: हे बदलायचं असं तुम्ही काय बघून ठरवलंत? दर त्यानंतर.

सुरुवात टायमिंग बेल्टपासून करू, कारण तिथे उत्तर सरळ आहे. इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा हा पट्टा तुमच्या गाडीत नाहीच. २०१० ते २०१८ दरम्यानच्या पेट्रोल वॅगनआरला ९९८ सीसीचं के-१० इंजिन आहे आणि त्यात चेन असते. चेनला अमुक किलोमीटरला बदला असा नियम नसतो. सकाळी थंड इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूने खडखड येत असेल तर चेन आणि ती ताणून धरणारा टेन्शनर तपासायचे. त्याच्या आधीच्या वॅगनआरमध्ये १,०६१ सीसीचं इंजिन होतं, त्याला बेल्ट होता आणि तो वेळेवर बदलावाच लागायचा. त्यामुळे लगेच चोर ठरवू नका. जुन्या सवयीने लिहिलं असेल, किंवा बाहेरचा फॅन बेल्ट म्हणायचा असेल, जो काही शेकड्यांत येतो. त्याला विचारा, "याला चेन आहे ना?" चूक लगेच मान्य करून ओळ खोडली तर माणूस बरा आहे. "चेनच म्हणतोय मी" असं म्हणाला तर मात्र सावध व्हा. चेनचं काम करायला इंजिनचा पुढचा भाग उघडावा लागतो आणि ते ३,८०० रुपयांत होत नाही.

आता ऑइल. या इंजिनात फिल्टरसकट तीन लिटरच्या आसपास ऑइल बसतं. नेमका आकडा मॅन्युअलच्या मागच्या तक्त्यात आहे, तो फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. साधं किंवा सेमी-सिंथेटिक चांगल्या ब्रँडचं ऑइल साडेचारशे ते साडेपाचशे रुपये लिटर धरा, फिल्टर शंभर-दीडशेचा. साडेतीन लिटरचा पूर्ण कॅन धरला तर १,९०० च्या आसपास. ३,२०० होतात ते फुल्ली सिंथेटिक घातलं तर, आणि तो दर मग चुकीचा नाही. पण एस्टिमेटवर ग्रेड आणि ब्रँड लिहिलेला नाही, आणि तुमच्या अडचणीचं मूळ तिथेच आहे. "५ डब्ल्यू ३०, अमुक ब्रँड, अमुक लिटर" असं लिहून मागा. फुल्ली सिंथेटिक या गाडीला चालतं, गरज मात्र नाही. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत मी सेमी-सिंथेटिक घालून दरवर्षी बदलतो.

ऑइलचा आणखी एक खेळ असतो. साडेतीन लिटरचा कॅन बिलात लागतो, गाडीत तीन लिटर जातं, उरलेलं अर्धा लिटर गॅरेजच्या बरणीत. कॅनचे पैसे दिलेत तर उरलेलं ऑइल डिकीत मागून घ्या, टॉपअपला उपयोगी पडतं. रिकामा कॅन तिथे सोडलात तर निदान लेबल फाडून टाका, कारण ब्रँडेड रिकामे कॅन विकत घेऊन पुन्हा भरणारे लोक आहेत. बॅरलमधून सुटं ऑइल घालणारं गॅरेज वाईटच असतं असं नाही. तिथे लिटरचा भाव आधी ठरवा आणि माप डोळ्यांसमोर होऊ द्या.

प्लगचं तसंच. तीन सिलिंडर, तीन प्लग. साधे निकेलचे असतील तर दीडशे-पावणेदोनशेला एक, म्हणजे पाचशेच्या आसपास. तुम्हाला तीनशेचा एक लावलाय. इरिडियम म्हणावं तर तो त्याहून महाग असतो. तेव्हा हा साधाच प्लग दुप्पट भावाने धरलाय असं दिसतं. बदलायला हवेत याबद्दल मात्र शंका नाही, साध्या प्लगचं आयुष्य तीस-चाळीस हजार किलोमीटरचं.

कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल या तीन ओळींवर मी हरकत घेणार नाही. उलट गॅरेजवाल्याने त्या घातल्या म्हणून त्याच्याबद्दल थोडं बरं वाटलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि दोनेक वर्षांत बदलावं लागतं. ओल धरलेलं ऑइल घाट उतरताना तापून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जातं. सिंहगड उतरताना हा प्रकार होऊ नये. गिअर ऑइल ९६,००० पर्यंत तसंच असेल तर बदलाच, दोन लिटरच्या वर लागतं आणि १,३०० रास्त आहेत. कूलंट तयार मिसळलेलं घालणार असेल तर १,४०० ठीक. कॉन्सन्ट्रेट आणून नळाचं पाणी मिसळणार असेल तर दरही जास्त आणि कामही वाईट.

इंजिन फ्लश आणि इंजेक्टर क्लीनिंग, मिळून २,७००. माझ्या मते दोन्ही आत्ता खोडा. दोन वर्षं जुनं ऑइल असलेल्या, लाखाकडे आलेल्या इंजिनात फ्लशचं रसायन घालून साचलेला गाळ एकदम सुटा करणं मला पटत नाही, तो गाळ ऑइलच्या जाळीत अडकू शकतो. त्याऐवजी हे ऑइल तीन-चार हजार किलोमीटरवर एकदा जास्तीचं बदला, या दोन ओळींच्या पैशात इंजिन हळूहळू साफ होतं. इंजेक्टर क्लीनिंगला कारण लागतं: आयडलला गाडी थरथरते, ॲव्हरेज पडलंय, स्कॅनर लावल्यावर मिसफायरचा कोड येतोय. यातलं काही तुम्ही सांगितलेलं नाही. हल्ली इथेनॉलचं पेट्रोल आहे म्हणून इंजेक्टर साफ करायलाच हवेत, असं सांगून ही ओळ घातली जाते. जुन्या गाडीत इथेनॉलची काळजी घ्यायचीच तर पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि जोड बघा, कुठे ओल किंवा भेगा आहेत का. ती तपासणी फुकट आहे. ऑथराइज्ड वर्कशॉपमध्ये याच जागी डिकार्बनायझेशन, अँटी-रस्ट, एसी डिसइन्फेक्शन अशी नावं येतात. काउंटरवरच्या माणसाला महिन्याचं टार्गेट असतं.

यादीतला खरा गुंता ब्रेक आणि लोअर आर्मचा (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा खालचा दांडा) आहे. या कामांवर तुमचा जीव अवलंबून आहे, म्हणून "नको" म्हणून मोकळं होता येत नाही आणि समोरच्यालाही हे ठाऊक असतं.

पुढचे पॅड चाक काढलं की दिसतात. मसाला, म्हणजे पॅडवरचा घासणारा थर, तीन मिलिमीटरच्या खाली आला असेल तर बदला, पाच-सहा असेल तर पुढच्या वेळी. मोजायला उपकरण लागत नाही, मोबाइलवर फोटो मागा. २,२०० हा भाव कंपनीच्या पॅडसाठी थोडा वर आहे, दोन हजारांच्या आत सेट मिळायला हवा. मागच्या शूची गोष्ट वेगळी. मागे ड्रम आहेत, ड्रम उघडल्याशिवाय लायनिंग, म्हणजे शूवरचा मसाला, किती उरलीय हे कळत नाही. त्याने ड्रम उघडून बघितलं का? गाडी अर्धा तास उभी करून, बोनेट उघडून यादी दिली असेल तर शूची ओळ ही अंदाजाची ओळ आहे. शहरात चालणाऱ्या छोट्या गाडीत मागचे शू पुढच्या पॅडच्या कितीतरी पट टिकतात. पहिलेच शू ९६,००० ला संपत आलेले असू शकतात, पण निम्मे शिल्लकही निघतात.

लोअर आर्मसाठी गाडी वर घ्यावी लागते. आर्मच्या टोकाच्या रबरी बुशमध्ये पहार घालून हलवायचं, रबराला भेगा आहेत का, ते धातूपासून सुटलंय का ते बघायचं. मग चाक धरून, हलवून बॉल जॉइंटचा (आर्म आणि चाकामधला गोल सांधा) ढिलेपणा बघायचा. आपल्याकडचे खड्डे आणि स्पीडब्रेकर बघता या वयाच्या गाडीत बुश गेलेले असणं मुळीच नवल नाही. स्पीडब्रेकरवर खटखट येते का, ब्रेक मारताना स्टेअरिंग एका बाजूला ओढतं का? येत असेल तर काम खरं आहे. मात्र खटखट स्टॅबिलायझरच्या लिंकमधूनही येते, शॉकअपच्या वरच्या माउंटमधूनही येते, आणि ते काम पुष्कळ स्वस्त पडतं. लोकल आर्म हजाराच्या आसपास मिळतो, कंपनीचा त्याच्या दुपटीहून जास्त. तेव्हा जोडीचे ५,२०० फक्त कंपनीच्या मालालाच शोभतात, आणि तेही थोडे वर. लोकल आर्म घालून हा भाव लावला तर ती लूट आहे. शिवाय तुमच्या यादीत एक गोष्ट नाही, तिनेच माझं लक्ष वेधलं: व्हील अलाइनमेंट. लोअर आर्म बदलल्यावर अलाइनमेंट तपासावीच लागते, नाहीतर टायर एका कडेने झिजतात. ज्याने खरोखर गाडी वर घेऊन आर्म बदलायचं ठरवलं, तो ही ओळ विसरत नाही. मला वाटतं, किलोमीटर बघून लिहिलेली यादी आहे ही.

पार्टबद्दल बोलताना "ओरिजिनल टाकतो" या शब्दावर समाधान मानू नका. बाजारात सरळ तीन प्रकार आहेत. एक, गाडी कंपनीच्या खोक्यातला. दोन, त्याच कंपनीला माल पुरवणाऱ्या उत्पादकाचा स्वतःच्या खोक्यातला: बॉशचे फिल्टर, एनजीकेचे प्लग, गॅब्रिएलचे शॉकअप, राणेची लायनिंग. हा प्रकार जुन्या गाडीला अगदी योग्य असतो आणि थोडा स्वस्तही पडतो. तीन, लोकल. दरवाजाचं हँडल, वायपर, मडफ्लॅप लोकल चालेल. ब्रेक, स्टेअरिंग आणि सस्पेन्शनमध्ये मी लोकल बसवत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. कंपनीच्या खोक्यावर पार्ट नंबर आणि एमआरपी छापलेली असते. तो नंबर घेऊन मारुतीच्या जेन्युइन पार्ट्सच्या साइटवर किंवा बूडमोसारख्या सुटे भाग विकणाऱ्या साइटवर भाव दोन मिनिटांत कळतो. पुण्यात असाल तर नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात एक चक्कर मारा, काउंटरवर तीन दुकानांत विचारलं की खालची-वरची रेघ समजते.

तिथला भाव गॅरेजपेक्षा कमी निघेल. निघायलाच हवा. गॅरेजवाल्याला पार्टवर डीलरकडून सूट मिळते आणि तो तुम्हाला एमआरपीने लावतो. हा फरक त्याची कमाई आहे, तीत लबाडी नाही. आणायला तो जातो, चुकीचा निघाला तर परत तो करतो, महिन्याभरात खराब झाला तर पुन्हा मजुरी न घेता बदलतो. पार्ट स्वतः आणून देणाऱ्या गिऱ्हाइकाला मी मजुरी जास्त सांगतो आणि गॅरंटी देत नाही, बहुतेक गॅरेजवाले हेच करतात. एमआरपीच्या वर एक रुपया लावला तर मात्र तो चुकला.

आणि इथेच तुमच्या बिलातली सगळ्यात मोठी गफलत आहे, जी बहुतेकांना दिसत नाही. छापील एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. पार्ट एमआरपीने लावून खाली पुन्हा १८ टक्के चढवता येत नाहीत. तुमच्या यादीतली मजुरी सोडली तर २३,६५० रुपयांचा माल उरतो, त्यावरचा कर झाला ४,२५७. हे दर एमआरपीच्या आसपासचे किंवा वरचे असतील, आणि बरेच तसे दिसतात, तर हे ४,२५७ तुम्ही देणं लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के झालाय, आधी बऱ्याच पार्टवर २८ होता. त्यामुळे जुन्या स्टॉकच्या खोक्यावर जुनी, जास्तीची एमआरपी असेल तर तीही बघून घ्या. मजुरीवर १८ टक्के कर रास्त आहे, पण गॅरेज नोंदणीकृत असेल तरच. बिलावर पंधरा अक्षरी जीएसटी नंबर हवा, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नाव दिसतं. नंबर नसलेल्या किंवा कंपोझिशन योजनेतल्या (छोट्या धंद्यांसाठी ठरावीक दराने कर भरण्याची सोय) गॅरेजला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही.

मजुरीचे ३,५०० बघून तुम्हाला राग आला असेल, कारण सगळे त्यावरच भांडतात. खरं सांगायचं तर तुमच्या यादीतली सगळ्यात प्रामाणिक ओळ तीच. सर्व्हिसिंग, चारही ब्रेक, दोन्ही आर्म, गिअर ऑइल, कूलंट, ब्रेक ब्लीडिंग (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं): दोन माणसांचं जवळजवळ दिवसभराचं काम आहे. जागेचं भाडं, लिफ्ट, स्कॅनर, मुलांचे पगार यातूनच जातात. मजुरी फार कमी सांगणारा माणूस पार्टमधून वसूल करतो, आणि ते तुम्हाला दिसत नाही. कामं कमी झाली तर मजुरी मात्र त्या मानाने खाली यायला हवी: आर्म नसतील तर हजार कमी, मागचे शू नसतील तर पाचशे. गाडी मालवण, रत्नागिरी किंवा गोव्याकडे राहिलेली असेल तर उलट थोडी जास्त मजुरी द्या. खाऱ्या हवेने गंजलेला बोल्ट सोडवायला अर्धा दिवस जातो, ब्लीडिंग निपल पाना लावताच तुटतो. चांगला मिस्त्री हे आधी सांगतो, "तुटला तर एवढे वाढतील" म्हणून.

तर माझा हिशोब असा. ऑइल-फिल्टर १,९००, एअर फिल्टर ४५०, प्लग ५००, कूलंट १,४००, ब्रेक ऑइल ६००, गिअर ऑइल १,३००, पॅड २,०००, मजुरी २,००० आणि त्यावर कर. साडेदहा हजारांच्या आसपास, पॅड खरंच संपले असतील तर. आर्म गेलेले निघाले तर कंपनीचा माल, मजुरी आणि अलाइनमेंट धरून सहा हजार वाढवा. शू संपलेले निघाले तर आणखी दोन. म्हणजे ढोबळमानाने अकरा ते एकोणीस हजार, आणि यातली वरची रक्कमही मी रास्त म्हणेन, जर तुम्हाला झिजलेला माल दाखवला गेला तर. त्याच्या बत्तीस हजारांत आणि माझ्या एकोणीसमध्ये तेरा हजारांचा फरक आहे. त्यातले जवळपास निम्मे, साडेसहा हजार, बेल्ट, फ्लश आणि इंजेक्टर या तीन ओळींचे. उरलेल्यात मोठा वाटा मालावर चढवलेल्या कराचा.

लगेच गॅरेज बदलू नका. आधी त्याच्याकडे जा आणि भांडणाचा सूर न लावता सांगा: बेल्ट, फ्लश आणि इंजेक्टर नको, गाडी माझ्यासमोर वर घ्या, ड्रम उघडा, जे बदलायचं ते दाखवा, पार्टचा ब्रँड आणि नंबर एस्टिमेटवर लिहा, जुना माल आणि खोकी डिकीत ठेवा, वाढीव काम निघालं तर फोन करून विचारल्याशिवाय हात लावू नका. तपासणीचे तीनशे-चारशे मागितले तर द्या. एवढं ऐकून जो चिडतो, त्याच्याकडून गाडी उचलून आणा. बिल द्यायला नकार दिला तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात न्यायचंच झालं तर पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही, लेखी एस्टिमेट मागितलं की यादी आपोआप आखडते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण खर्च ठरवताना ती लागेल. २०१२ च्या गाडीची नोंदणी २०२७ मध्ये पंधरा वर्षांची होते. पुढे वापरायची असेल तर फिटनेस करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागेल, आणि तेव्हा ब्रेक, स्टेअरिंग, दिवे, टायर हेच बघितलं जातं. गाडी ठेवायचा विचार असेल तर आर्म आणि ब्रेकवर आत्ता चांगल्या मालाचा खर्च करा, तो वाया जात नाही. वर्षभरात विकायची असेल तर ऑइल, प्लग, ब्रेक ऑइल एवढं करून थांबा, आणि आर्म फारसे हलत नसतील तर राहू द्या. ड्रम उघडल्यावर लायनिंग किती मिलिमीटर निघाली ते मात्र कळवा, मागच्या शूंबद्दल त्याआधी हो किंवा नाही म्हणता येणार नाही.